दस्तीखालची पारख

माझ्या नाकाबद्दल दोन मतं आहेत. बाजाराचं मत असं की, पोत्याची शिवण उसवायच्या आत ती तूर कुठल्या शिवारातनं आली हे या माणसाला कळतं. घरचं मत, म्हणजे बायकोचं, असं की या माणसाला स्वतःच्या मोज्यांखेरीज जगातल्या सगळ्या वस्तूंचा वास येतो. ही दोन्ही मतं तीस वर्षं शेजारीशेजारी सुखानं नांदली. त्या नाकावर कधी कुणाची नोकरी अडकेल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मी एका दाळ मिलसाठी तूर खरेदी करतो. औरादच्या बाजारात माल आला की टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, चोळायचे, नाकाशी धरायचे, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि थुंकायचे. कट् वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. चिटगुप्प्याकडच्या तांबड्या जमिनीतली तूर आणि निंबर्ग्याकडची काळ्या रानातली तूर डोळे झाकून वेगळी सांगता येते. मला येते, बाकीच्यांचं माहीत नाही. देवानं एवढी एकच विद्या दिली, तीही नाकपुड्यांत ठेवली.

आमची एकुलती एक मुलगीही वासावरच पोट भरते. घरात तिला सगळे अक्का म्हणतात, मीसुद्धा. हैदराबादला परदेशी वाईन मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं ती कामाला आहे. आलेला नमुना हुंगायचा, चाखायचा, थुंकायचा, आणि माल घ्यावा की न घ्यावा हे लिहून खाली सही करायची. त्यासाठी तिनं मोठाल्या परीक्षा दिल्या. बघायला गेलं तर माझंच काम, पोत्याच्या जागी बाटली एवढाच फरक. पण आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग. या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. त्यामुळं पाहुण्यारावळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, पोरगी द्राक्षाच्या धंद्यात आहे. माझे थोरले भाऊ निवृत्त मास्तर आहेत. ते दर उन्हाळ्यात म्हणायचे, "मग तिला म्हणावं, काकाला बेदाणे पाठव." आणि मी बिदरहून बेदाणे आणून, अक्कानं पाठवले म्हणून त्यांच्या घरी पोचते करायचो. चार वर्षं. धंदा तिचा आणि बेदाण्यांची हमाली माझी.

जानेवारीतल्या एका शनिवारी अक्का न सांगता आली. तुरीचा हंगाम ऐन भरात होता. दुपारी जेवायला घरी पोचलो तर दारातच जळका वास. आत अक्का गॅसकडं पाठ करून कोथिंबीर निवडत बसलेली, आणि तिच्यापासून दोन हातांवर कढईत फोडणीचा लसूण जळून कोळसा झालेला. तिची आई, म्हणजे तिची अव्वा, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"अक्का, वास न्हाई आला का तुला?"

तिनं वळून कढईकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि मांडीवरची कोथिंबीर हळूच बाजूला ठेवली.

"न्हाई येत, अप्पा. तीन महिने झाले."

दिवाळीच्या आधी तिला ताप आला होता. ताप चार दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल, कधी ते सांगता येत नाही. एखाद्याला येतही नाही. मालकाला तिनं सांगितलंच नव्हतं. सोबतच्या लोकांचे चेहरे बघून, जुन्या वह्या चाळून आणि जिभेला जे कळतं त्यावर तिनं तीन महिने रेटले होते.

"सगळ्यात वाईट काय झालं सांगू?" ती म्हणाली. "आता दार उघडून आत आले ना, तर घराचा वासच न्हाई आला. तुरीचा, विभूतीचा, अव्वाच्या तेलाचा. काईच न्हाई. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावानी वाटलं."

मी म्हणालो, "तरी मी तवाच म्हनलो होतो, असल्या नोकरीचा काय भरवसा."

मागच्या दारातनं आत आलेल्या बायकोनं ओली बादली जरा जास्तच जोरात खाली ठेवली.

जेवणं कशीबशी झाल्यावर अक्कानं बॅगेतनं एक खोका काढला. आत कापसात गुंडाळलेल्या सहा लहान बाटल्या, खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्या. वर नुसते आकडे, एक ते सहा. एक उंच काचेचा गिलास पायमोज्यात घालून आणलेला.

"ही फ्रान्सातल्या बर्गंडी भागातली लाल वाईन," ती म्हणाली. "एकाच घरानं केलेली. एकाच जातीचं द्राक्ष, एकाच वर्षाचं. त्या घरचे जमिनीचे सहा तुकडे हायेत, ह्या त्यांच्या सहा बाटल्या. सगळं एक, जमीन तेवढी येगळी."

मला सगळ्यात आधी हे कळलं. खरं म्हणजे एवढंच कळलं.

"आन् साल कसं होतं?"

"वाईट. उन्हाळा थंड गेला, आन् ऐन तोडणीला पाऊस."

"म्हंजे भिजका माल."

"व्हय, भिजकाच. त्यातनं कोन्त्या तुकड्यानं तग धरला, कोन्ता गेला, ते लिहून सही करायची. सोमवारी दुपारी बारापर्यंत. माझ्या त्या एका कागदावर मालक ठरवनार, ह्या घरचं ह्या सालचं काय घ्यायचं आन् काय न्हाई." ती थांबली. "जीभ चालते माझी. आंबट, कडू, तुरट, सगळं लागतंय. वास तेवढा न्हाई. आन् ह्यात निम्म्याच्या वर कारभार वासाचाच असतोय."

आणि तिनं माझ्या नाकाकडं बघितलं. आयुष्यात प्रथमच त्या नाकाकडं कुणी एवढ्या आशेनं बघत होतं. मी घाबरलो. हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"अगं पन मी... दीक्षा झालीय माझी."

माझ्याआधी बायको बोलली. मला वाटलं होतं की ती तो खोका उचलून उकिरड्यावर टाकेल. ती म्हणाली, "नाकाला दीक्षा असती का?"

"आन् तोंडात गेलं म्हंजे?"

"तोंडात कामून जाईल? तुमी हुंगा. चाखू द्या तिला. दोघांचं मिळून एक मानूस व्हईल." मग खोक्याकडं बघत म्हणाली, "देवघरापास्नं लांब बसा म्हंजे झालं."

रविवारी सकाळी पूजा आटोपून आम्ही मागच्या खोलीत सतरंजीवर बसलो. मधे सहा बाटल्या, गिलास, पाण्याचा तांब्या, आणि माळ्यावरनं खाली काढलेली जुनी पितळी पिकदाणी. वहीवर अक्कानं सहा रकाने आखले होते. तिनं एक नंबर गिलासात ओतली. रंग फिका, डाळिंबाचे दाणे पाण्यात कुस्करावे तसा. मी डोळे मिटले, बाजारात धरतो तसा श्वास आधी बाहेर सोडला आणि हुंगलं.

"लिंबू," मी म्हणालो.

तिनं लिहून घेतलं. दोन नंबर ओतली.

"ह्याला बी लिंबू."

तिची भुवई वर गेली. दारात उभी राहून हे सगळं बघणारी बायको म्हणाली, "लिंबूच येईल. गिलास सकाळी मी घासलाय. भांड्याच्या साबनानं."

आम्ही तिघंही हसलो. पण अक्काचं हसणं मधेच थांबलं. "हे मला गिलास हातात घेतल्याबरोबर कळायला पायजे होतं," ती म्हणाली. तिनं गिलास गरम पाण्यानं तीनदा धुतला, माझ्या नाकाशी धरून खात्री करून घेतली आणि वहीतलं लिंबू खोडलं. त्या एका रेघेनं मला कळलं, ती आता पूर्णपणे माझ्या भरवशावर आहे. मी जे म्हणेन ते तिच्या सहीनं जाणार.

मी परत सुरुवात केली. हुंगत गेलो, सांगत गेलो, ती चाखत, थुंकत, लिहीत गेली.

एक नंबर. "चांगली हाय की. छान."

दोन नंबर. "बरी हाय. चालती."

तीन नंबर. "गोडसर हाय. घ्यायला हरकत न्हाई."

चार नंबरला मी जरा जास्त वेळ घेतला. परत एकदा हुंगलं, मग तिसऱ्यांदा. "हॅट्. ही कुबट मारायलीय. वल्ल्या मातीचा वास. सडलेलं हाय काईतरी आत. नको ही."

पाच नंबर. "लय छान. काई बोलायचं कामच न्हाई."

सहा नंबर. "हिला गोठ्यावानी वास. कडब्यावानी. ठिवून द्या बाजूला."

चार नंबरचा घोट तोंडात घोळवताना अक्काच्या कपाळाला आठी पडली होती. थुंकून झाल्यावर तिनं विचारलं, "पक्कं ना अप्पा? जिभेला तर ही भरीव लागायलीय. तुरटपना लांबपर्यंत टिकायलाय. सडकी असती तर अशी लागली नसती."

"नाक खोटं बोलत न्हाई, अक्का."

हे वाक्य मी बाजारात रोज दहा वेळा बोलतो. तिनं चार नंबरच्या रकान्यात लिहिलं, कुजका, दोषयुक्त, शिफारस नाही. तिचं अक्षर फार सुंदर आहे. त्या सुंदर अक्षरात एका अनोळखी घराची वर्षभराची मेहनत आडवी झाली.

तेवढ्यात पुढच्या दारातनं खोकल्याचा आवाज आला. अण्णा, म्हणजे माझे मास्तर भाऊ. दर रविवारी येतात हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. बाटल्या लपवायच्या म्हणून मी उठायला आणि ते मागच्या खोलीत यायला एकच गाठ पडली.

"हे काय? अडुळसा वाटतं?"

"द्राक्षाचा रस हाय, दोड्डप्पा," अक्का म्हणाली. थोरल्या काकांना आम्ही कानडीतनं दोड्डप्पा म्हणतो. "जुना, मुरवलेला. कंपनीत नमुने आलेत, कसे झालेत ते बघायलो."

एक शब्दही खोटा नव्हता. मी एवढ्या वर्षांत इतकं सफाईदार खरं कधी बोललो नसेन.

अण्णा सतरंजीवर टेकले. समोर चार नंबरचाच गिलास होता. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तो उचलून चष्म्याशी नेला, मग नाकाशी. आणि त्यांचा चेहरा बदलला. सत्तरीचा माणूस, पण आठ वर्षांचं पोर दिसायला लागलं.

"अरे," ते मला म्हणाले, "आपल्या जुन्या विहिरीवरची जांभळी आठवते का तुला? पाऊस पडून गेला की खाली सडा पडलेला असायचा. आपण मातीसकट उचलून खायचो. तोच वास! ओली माती, आणि वर जांभूळ. केवढा सुरेख वास आहे रे हा."

अक्का एकदा वहीकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली.

"जरा चाखू का?" अण्णांनी विचारलं.

"नको!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो. बायको सावरून म्हणाली, "अण्णा, खोकला हाय ना तुमाला? थंडगार हाय ते. थांबा, चहा टाकते."

चहा पिऊन अण्णा गेले. चप्पल घालताना अक्काच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेदाण्यांपेक्षा हे बरं गं. बेदाणे बिदरला बी मिळतात." ते काय समजले होते आणि केव्हापासून, हे विचारायची माझी आजही हिंमत नाही.

मी मागच्या खोलीत परत आलो तेव्हा अक्का तशीच बसलेली होती.

"अप्पा, तुमाला जांभळाचा वास आला न्हवता?"

आला होता. पहिल्याच हुंगण्यात आला होता. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा हुंगलं ते नुसतं परत हवं वाटलं म्हणून. सहांत सगळ्यात आवडलेली तीच होती. आणि तोंडातनं काय निघालं, तर कुबट, सडकी, नको ही.

हे मी मुद्दाम केलं नव्हतं. लिहितानाही लाज वाटते, पण मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. बाजारात चांगला माल दिसला की त्याला नावं ठेवायची. चांगला म्हणालं की शेजारचे खरेदीदार कान टवकारतात आणि भाव चढतो. आणि माल जेवढा उत्तम तेवढ्या शिव्या जास्त. वाईट मालाला मात्र गोड बोलायचं: छान आहे हो काका, पुढच्या दुकानी दाखवा. उगीच कशाला कुणाला दुखवा, घ्यायचा तर नाहीच. आमच्या धंद्यात सगळे असेच बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं, म्हणून कुणी फसत नाही. खरं बोलायला वेगळी जागा असायची. खांद्यावरच्या पांढऱ्या रुमालाला आमच्याकडं दस्ती म्हणतात. ती दोघांच्या हातांवर टाकायची आणि खाली बोटं दाबून सांगायचं, माल जेवढा चांगला तेवढी बोटं जास्त. तोंड वर शिव्या देत असतं आणि खाली हात पाची बोटं धरून ठेवतो. दस्तीखाली झालेलं तिसऱ्यानं विचारायचं नाही आणि दोघांनीही बाहेर सांगायचं नाही. आता यार्डात बोली संगणकावर लागते, दस्तीचं काम उरलं नाही. खांद्यावर ती नुसती घाम पुसायला असते. पण तोंडाची सवय गेली नाही.

हे सगळं मी अडखळत सांगितलं. अक्कानं वहीतलं पान वाचून बघितलं. छान, चालती, हरकत नाही, लय छान: चार बाद बाटल्यांची शिफारस. दोन चांगल्या बाहेर.

"म्हंजे सगळं उलटं," ती म्हणाली. "हे असं उद्या माझ्या सहीनं गेलं असतं."

"व्हय."

ती वहीकडं बघतच म्हणाली, "दहावीत मी तालुक्यात पहिली आले तवा तुमी म्हनलाव, पेपर सोपे होते."

मी दस्तीचं टोक बोटाला गुंडाळत राहिलो.

"ही नोकरी लागली तवा म्हनलाव, दारूच्या दुकानात लागली म्हनून लोकांना कसं सांगू. मी दोन वर्षं दिवाळीला आले न्हाई, अप्पा. कामाचं निमित्त सांगितलं. मला ते सगळं खरं वाटलं होतं."

दारातनं बायको म्हणाली, "मला बघायला आले तवा हे काय म्हनले होते माहितंय का? ठीक हाय. म्या तीस वर्षं तेच धरून बसलेय."

ते विनोदानं होतं की नाही हे मला कळलं नाही. ती हसली नव्हती.

"बरं, आता खरं सांगा," अक्का म्हणाली. तिनं नवं पान उलटलं, चार नंबर ओतली. मी हुंगलं. जांभूळ, ओली माती, आणि मागनं जरासा सुंठीसारखा झणका. तोंड उघडलं. "चार नंबर... म्हंजे... बरीच म्हनायची."

"अप्पा!"

"निघत न्हाई गं तोंडातनं."

खरंच निघत नव्हतं. सुपारी अडकल्यासारखं वाटत होतं. तेव्हा अक्कानं एक गोष्ट केली. माझ्या खांद्यावरची दस्ती ओढून घेतली, उजवा हात पुढं केला आणि त्यावर ती टाकली. लहानपणी बाजारात माझ्या मांडीवर बसून तिनं हे शेकडो वेळा बघितलं होतं.

मी हात खाली घातला. चार नंबरला मी पाची बोटं धरली आणि घट्ट दाबली. आणि नवल म्हणजे हातानं एकदा सांगून टाकल्यावर तोंडाला खोटं बोलायचं कारण उरलं नाही. शब्द आपसूक सुटले. जांभूळ सांगितलं, माती सांगितली, सुंठ सांगितली. ती डाव्या हातानं जमेल तसं लिहीत राहिली, सुंदर अक्षर पार वाकडं झालं.

मग बाकीच्या पाच. एक आणि दोनला एकच बोट: पाण्यात पाणी, वासच नाही. तीनला दोन, गोड, पण शिळ्या सरबतासारखी. पाचला परत एकच. तिथं खरा कुबट वास होता, पावसात भिजून पोत्यात तसाच राहिलेल्या शेंगांचा. "हा त्यांचा नावाजलेला तुकडा हाय," अक्का हळूच म्हणाली. सखल, खालच्या अंगाला असणार, पाणी साठलं असणार, मी म्हणालो. तिनं सोबत आलेला नकाशा उघडून बघितला. पाच नंबर उताराच्या तळाला होता, चार नंबर वर, दगडगोट्यांत. सहाला मी चार बोटं दाबली. गोठ्याचा आणि कडब्याचा वास खराच होता, पण त्याच्या आड काहीतरी गच्च दडून बसलेलं. "हिला ठिवली पायजे. आता उघडनार न्हाई ही." तिनं एक घोट घेऊन मान हलवली. जिभेचं मतही तेच होतं.

दुपारपर्यंत कागद तयार झाला. आंबटपणा, तुरटपणा, भरीवपणा तिचा; वास माझा. मला वाटलं संकट टळलं.

"कर सही," मी म्हणालो.

तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. "वास कोनाचा लिहू?"

"तुझाच. माल बरोबर जोखला ना? मंग नाक कोनाचं हाय त्यात काय एवढं? सांगितलंस तर नोकरी जाईल, अक्का. ह्यावेळी धकून जाऊ दे. पुढच्या येळेला तोवर येईल वास."

"आन् न्हाई आला तर? दर येळी औरादला येऊ?"

"ये की."

हे मात्र तोंडातनं सरळ निघालं. दस्तीशिवाय.

"अप्पा," ती म्हणाली, "बाजारात तुमी उलटं बोललाव तरी कुनी फसत न्हाई, कारन सगळ्यांना ठावं असतंय. मालकाला ठावं न्हाई. माझी सही म्हंजे माझं नाक, असं धरून बसलाय तो. तीन महिने मी तेच करायलेय. आता न्हाई व्हत."

मी बायकोकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला करू द्या तिचं."

सोमवारी सकाळी दहा वाजता अक्का फोन घेऊन गच्चीवर गेली. मी बाजारात गेलो नाही, हंगामात पहिल्यांदाच. जिन्याखाली उगीच चपला सरळ करत बसलो. वरनं नुसतं तिचं हो, हो, हो ऐकू येत होतं. खाली आली तेव्हा डोळे लाल होते, पण चाल मोकळी होती.

"कागद पाठवला. खाली लिहिलं, वास वडिलांनी घेतला, तूर पारखतात. तीन महिन्यांचं पन सांगितलं. मालक म्हनला, आधीचे कागद सगळे परत तपासावे लागतील. चाखायच्या कामावर सध्या बसवनार न्हाई, गोदामाचं बघायचं. महिन्या-दोन महिन्यांनी ठरवू म्हनला." जरा थांबून म्हणाली, "ह्या सहा बाटल्या तो दुसऱ्याकडनं बी बघून घेनार हाय. आपल्या दोघांवर त्याचा इश्वास न्हाई."

"बरोबर हाय त्याचं," मी म्हणालो. धंदा मला कळतो. पण मी गप्प राहायला सांगत होतो तसं ती राहिली असती तर तिचं चाखायचं टेबल तिलाच राहिलं असतं. आणि तरी, तिनं माझं ऐकलं नाही याचं मला बरं वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कुठल्या बोटात दाबायच्या, हे आमच्या धंद्यात शिकवत नाहीत.

संध्याकाळच्या आधीच्या बसला मी तिला सोडायला गेलो. खोका तिच्या मांडीवर, खिडकीजवळची जागा. स्टँडवर कुणीतरी मिरच्या तळत होतं, ठसक्यानं अख्खी रांग खोकत होती. तीही खोकली. मी घाईघाईनं विचारलं, "आला का?"

"घसा खवखवला फक्त," ती म्हणाली. "वास न्हाई, अप्पा."

कंडक्टरनं घंटी मारली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कागद जरा लांबलाच तुझा. एवढं कोन वाचतंय?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. पहिल्या दिवसापासून प्रथमच ती पूर्ण हसली. खिडकीच्या गजांतनं तिनं उजवा हात बाहेर काढला, तळवा वर करून, आणि थांबली.

मी खांद्यावरची दस्ती काढली, तिच्या हातावर टाकली आणि माझा हात खाली घातला. बस हलेपर्यंत तो तिथंच होता. काय दाबलं ते सांगता येणार नाही.

घरी आलो तर बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. पदराला पुसून उजवा हात तेवढा पुढं केला.